ह्यूस्टनच्या परसातलं लिंबू

ह्यूस्टनमध्ये कागदी लिंबू जगतं का? टेक्ससच्या या शहरात घर घेणारा जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस हा प्रश्न कधी ना कधी विचारतो. पहिल्या उन्हाळ्यात त्याचं उत्तर अगदी सोपं वाटतं. हवा मुंबईसारखी दमट, पाऊस भरपूर, कुंपणाला जास्वंद, शेजाऱ्याच्या दारात केळी. मग मागच्या अंगणात लिंबाचं रोप लागतं, त्याच्याजवळ कढीपत्ता. दोन-तीन वर्षं दोन्ही झाडं डोळ्यांदेखत वाढतात, पोह्यांवर घरचं लिंबू पिळलं जातं, त्याचे फोटो नागपूरला आणि पुण्याला पोहोचतात. पुढे एखाद्या जानेवारीत पारा शून्याखाली चार-पाच अंश उतरतो, दोन दिवसांत सगळी पानं कढत पाणी ओतल्यासारखी दिसू लागतात, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, आपल्याकडची झाडं इथे येत नाहीत.

येतात. पण कोणती, कशावर बांधलेली आणि अंगणाच्या कुठल्या कोपऱ्यात, हे आधी ठरवावं लागतं. ह्यूस्टन परिसरातल्या काही मराठी घरांनी आपापला अनुभव एकत्र करून ही पुस्तिका लिहिली आहे. प्रस्तावनेचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, तेव्हा मला वाटलं होतं की यात चादरी, दिवे आणि तापमानाची कोष्टकं असतील. ती आहेत. पण बहुतेक पानं गोठणाऱ्या रात्रीपेक्षा तिच्या आधीच्या तीन महिन्यांवर खर्च झाली आहेत, आणि ते मला अगदी पटलं.

आधी या थंडीचा स्वभाव पाहू. अक्षांशानं ह्यूस्टन दिल्लीपेक्षा फार वर नाही. फरक पडतो तो डोंगरांमुळे. भारताच्या डोक्यावर हिमालय आडवा उभा आहे, म्हणून मध्य आशियातली गार हवा थेट आपल्या मैदानांत घुसत नाही. उत्तर अमेरिकेत डोंगररांगा उत्तर-दक्षिण धावतात आणि मधला सपाट पट्टा कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत उघडा पडतो. ध्रुवाकडून सुटलेली हवा अडवायला वाटेत काहीच नसतं. त्यामुळे ह्यूस्टनचा हिवाळा एरवी दिल्लीच्या हिवाळ्यापेक्षा थोडासाच गार असतो, पण त्यात अधूनमधून असे दोन-तीन दिवस येतात जे इथले नसतातच. दुपारी २२ अंशांवर अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि दुसऱ्या पहाटे नळाला बर्फ, असं इथे घडतं.

लिंबूवर्गाची सगळी झाडं मुळात आपल्या बाजूची. या वर्गाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्यापासून चीनच्या युनानपर्यंतच्या पट्ट्यात झाला, असं आताचे अभ्यासक मानतात. ही झाडं सदाहरित आहेत. सफरचंदासारखी पानं गाळून पूर्ण निजणं त्यांना ठाऊक नाही. मात्र त्यांना डुलकी घेता येते. तापमान काही आठवडे साधारण १३ अंशांच्या खाली राहिलं की नवी फूट थांबते, पेशींतल्या रसात साखर वाढते, आणि झाड थंडीला हळूहळू सरावतं. असं सरावलेलं झाड आणि नव्या लुसलुशीत पालवीनं भरलेलं झाड यांची जात एक असली, तरी एकाच रात्री त्यांची गत वेगळी होते. थंडी किती पडली याइतकंच, ती पडली तेव्हा झाड निजलेलं होतं की जागं, हेही महत्त्वाचं असतं. या पुस्तिकेतला जवळजवळ प्रत्येक सल्ला याच एका गोष्टीतून निघतो.

याचा सगळ्यात मोठा धडा फ्लोरिडानं घेतला. १८९४ च्या डिसेंबरअखेर तिथल्या संत्र्यांच्या बागांवर कडाक्याची लाट आली. फळं गोठली, पानं गळाली, पण खोडं वाचली. त्यानंतर जानेवारी उबदार गेला. बागायतदारांना हायसं वाटलं, कारण झाडांत रस चढला, साल ओलसर झाली, कोवळी फूट दिसू लागली. ७ आणि ८ फेब्रुवारी १८९५ ला दुसरी लाट आली. ती पहिलीपेक्षा फार कडक नव्हती, पण या वेळी झाडं जागी होती. बुंध्यांच्या साली उभ्या फाटल्या, आणि जुन्या बागा जमिनीपर्यंत मेल्या. पन्नास लाखांहून अधिक पेट्यांचं उत्पादन पुढच्या हंगामात दीड लाखाच्या आसपास आलं. कित्येक कुटुंबं घरदार तसंच टाकून निघून गेली आणि संत्र्याचा धंदा राज्याच्या दक्षिणेकडे सरकला.

त्या पडझडीनंतर अमेरिकेच्या कृषी खात्यातले वॉल्टर स्विंगल आणि हर्बर्ट वेबर थंडी सोसणारं संत्रं घडवण्याच्या मागे लागले. चीनमधलं त्रिपर्णी संत्रं हे काटेरी झुडूप हिवाळ्यात पानं गाळतं आणि उणे २० अंशांपर्यंतही तगतं. त्याचा गोड संत्र्याशी संकर केला तर गोडवा एकाचा आणि काटकपणा दुसऱ्याचा, असा हिशोब होता. संकर झाले, झाडं काटक निघाली, फळं मात्र तोंडात धरवेनात. प्रयोग फसला म्हणावं, तर त्याच संकरांतले कॅरिझो आणि ट्रॉयर पुढे जगभर खुंट म्हणून वापरले गेले. ज्याचं फळ कुणी खात नाही, त्याच्या मुळांवर आज लाखो गोड झाडं उभी आहेत. मला हा प्रकार फार आवडतो, आणि विदर्भातल्या वाचकाला त्यात काही नवल वाटणार नाही. आपल्याकडेही जंबेरी आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावरच संत्र्याचा डोळा भरतात. खुंट त्रिपर्णी असेल तर त्याचा स्वभाव वरच्या झाडातही थोडा उतरतो. थंडीची चाहूल लागताच ते लवकर थांबतं आणि एखाद्या उबदार आठवड्याला भुलून चटकन जागं होत नाही. ह्यूस्टनमध्ये कलम घेताना वरच्या जातीचं नाव सगळेच वाचतात. खालचा खुंट कोणता, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळंच.

जातींचं म्हणाल तर इथे सत्सुमाला तोड नाही. हे जपानी, सुट्या सालीचं, बहुधा बिनबियांचं संत्रं १८७० च्या दशकात अमेरिकेत आलं. १९०८ ते १९११ या काळात जपानहून सुमारे दहा लाख कलमं आणून आखाताच्या काठानं लावली गेली. ह्यूस्टनच्या दक्षिणेला अल्विनच्या आसपासही सत्सुमाच्या बागा होत्या. रोग आणि थंडीच्या लाटांनी त्या मोडल्या, पण परसदारी हे झाड टिकून राहिलं. नीट सरावलेलं, मोठं सत्सुमा उणे ७-८ अंशांपर्यंत निभावून नेतं. शिवाय फळं ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत उतरतात, म्हणजे कडक थंडीच्या आधीच झाड मोकळं होतं. दिवाळीच्या फराळाच्या ताटात घरची संत्री ठेवता येतात, हा फायदा कुठल्याही कृषी पत्रकात लिहिलेला नसतो. साल हिरवट दिसली म्हणून थांबू नये, आत रस भरलेला असतो. विदर्भातल्या अंबिया बहाराची संत्री खाल्लेल्याला हे सांगायला नको. फळ मात्र ओढून तोडू नये, देठाशी कात्रीनं कापावं. सुटी साल फाटली की फळ टिकत नाही.

मेयर लिंबू दुसऱ्या क्रमांकावर. फ्रँक मेयर हा वनस्पती शोधत चीनभर पायी हिंडणारा माणूस. त्यानं १९०८ मध्ये पेकिंगजवळून ते अमेरिकेत आणलं. लोक तिथे ते कुंडीत, शोभेसाठी लावत. उणे ५ अंशांच्या आसपास ते तग धरतं. फळ मोठं, साल पातळ, आंबटपणा बेताचा. उपासाच्या गोड लोणच्याला उत्तम, वरणभातावर पिळायला मात्र जरा मिळमिळीत. हे माझं मत. पुस्तिकेच्या एका लेखिकेला ते मान्य नाही. कुमक्वाट काटकपणात सत्सुमाच्या जवळ बसतो, आणि तो सालीसकट खायचा असल्यानं मुलांना आवडतो.

आता कागदी लिंबू, कारण सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो तिथेच. इथल्या दुकानांत जे मोठं, बिनबियांचं हिरवं लिंबू सर्रास मिळतं ते पर्शियन. त्याला आपल्या लिंबाचा वास नाही. आपलं कागदी लिंबू अमेरिकेत की लाइम या नावानं ओळखलं जातं, आणि लिंबूवर्गातल्या थंडीला सर्वांत हळव्या झाडांपैकी ते एक. उणे २ अंशांवर ते पानं टाकतं, आणखी थोडं खाली गेलं की फांद्या मरतात. निजायचं कसं हेच त्याला येत नाही. बाराही महिने थोडी फूट, थोडं फूल, थोडं फळ, हा त्याचा गुणही आणि घातही. लेखकांनी एका प्रकरणात ते दक्षिणेच्या भिंतीला लागून जमिनीत लावायची युक्ती दिली आहे. माझा तिथे मतभेद आहे. ह्यूस्टनमध्ये कागदी लिंबू कुंडीतच असावं. कुंडीला चाकं असावीत, आणि ज्या रात्री पारा शून्याला टेकणार त्या रात्री ते गॅरेजमध्ये असावं. जमिनीपेक्षा कुंडीतली मुळं लवकर गारठतात, म्हणून कुंडी बाहेर ठेवून नुसती चादर टाकणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. आणि आत घ्यायचं म्हणजे दिवाणखान्यातल्या उबेत नव्हे. कोरड्या गरम हवेत पानं गळतात, खवले कीड चढते. गार गॅरेज बरं.

जमिनीत लावणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. कलमी झाड थंडीनं जमिनीपर्यंत मेलं तर खालून जी जोमदार फूट येते ती खुंटाची असते. एका देठावर तीन पानं आणि लांब काटे दिसले की समजावं, गोड झाड गेलं आणि त्रिपर्णी राहिलं. कित्येक घरांत अशा फुटीला वर्षानुवर्षं खतपाणी घालतात आणि मग फळ कडू का, म्हणून विचारतात. कागदी लिंबाची रोपं बियांपासून जवळजवळ मूळ झाडासारखीच येतात, कारण त्या बीत आईच्याच ऊतींतून वाढलेले गर्भ असतात. असं स्वतःच्या मुळांवरचं झाड खालून फुटलं, तर ते लिंबूच असतं. म्हणून लिंबू बियांचं चालेल, सत्सुमा कलमाचं, आणि कलमाचा जोड थंडीत मातीखाली झाकलेला. जुन्या बागायतदारांची ही साधी रीत आहे: नोव्हेंबरअखेर बुंध्याभोवती जोडाच्या वरपर्यंत माती चढवायची आणि मार्चच्या तोंडावर काढायची. काढायला विसरलात तर साल कुजते. वरचं सगळं गेलं तरी मातीतला हातभर बुंधा वाचतो आणि त्यातून खरं झाड परत उभं राहतं.

ही रीत किती मोलाची आहे ते फेब्रुवारी २०२१ नं दाखवलं. १६ तारखेला ह्यूस्टनच्या विमानतळावर १३ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे साडेदहा सेल्सिअसची नोंद झाली, आणि दीड दिवसाहून जास्त काळ पारा गोठणबिंदूच्या खालीच राहिला. टेक्ससमध्ये पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरांची वीज गेली. ज्यांनी चादरीखाली दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, त्यांचा सगळा भरवसा त्या विजेवर होता. मातीला वीज लागत नाही.

दिव्यांविषयी बोलायचं तर, जुन्या तारेच्या दिव्यांची माळ खरोखर ऊब देते. एलईडीची माळ फक्त झाड सजवते. चादर पांघरताना ती जमिनीपर्यंत टेकली पाहिजे, आणि कडेला विटा ठेवून बंद केली पाहिजे. ऊब झाडात नसते, ती दिवसभर तापलेल्या मातीतून वर येते, आणि चादरीचं काम तीच धरून ठेवणं. शेंड्याला चादर गुंडाळून बुंध्याशी दोरी बांधली की मातीची ऊब बाहेरच राहते. म्हणूनच थंडीच्या आदल्या दिवशी आळ्याला भरपूर पाणी द्यायचं, तण आणि पालापाचोळा बाजूला करायचा. ओली, उघडी जमीन दिवसा जास्त ऊन पिते आणि रात्री ते परत देते. द्राक्षाच्या पट्ट्यात, निफाडकडे, पारा घसरला की बागांमधून शेकोट्या पेटतात आणि पहाटे पाणी सोडलं जातं. परसात शेकोटी मात्र पेटवू नका. उपयोग धुराचा नसतो, आगीच्या उष्णतेचा असतो, आणि शेजाऱ्यांच्या लाकडी कुंपणाला ती उष्णता नको असते.

पानांवर पाणी फवारायचा सल्लाही कानावर येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडतं, आणि मोठे बागायतदार रात्रभर अखंड तुषार चालवून ती वापरतात. बर्फ पुन्हा वितळेपर्यंत पाणी थांबवता येत नाही. मध्येच थांबलं, किंवा वारा सुटला, तर बाष्पीभवनानं झाड आणखी गारठतं. बागेच्या नळीनं हे करू पाहणारा माणूस पहाटे तीनला झोपायला जातो आणि झाड मरतं.

निरभ्र, स्तब्ध रात्रीची थंडी आणि वाऱ्यावर आलेली थंडी यांतला फरक पुस्तिकेत सविस्तर आला आहे, तो पुन्हा सांगत नाही. जमिनीविषयी मात्र एक शब्द. ह्यूस्टनची चिकण, भेगा पडणारी काळी माती पाहून वऱ्हाडातला माणूस हरखतो. ओळखीची वाटते, आणि बरीचशी आहेही. तिचे दोषही ओळखीचे: पाणी साचतं, मुळं कुजतात, बुंध्याला डिंक्या येतो. म्हणून खड्डा करून लावण्यापेक्षा वीतभर उंच गादीवर लावावं. आजारी मुळांचं झाड थंडीतही आधी जातं.

ऑगस्टनंतर खत बंद, छाटणी बंद. ज्याला हिरवी पालवी बघायची हौस आवरत नाही, त्याचं झाड डिसेंबरात जागं असतं. अंबिया बहारासाठी पाणी तोडून ताण देणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. झाडाला विश्रांती द्यावी लागते हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. शहरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती उपासमार वाटते.

आणि थंडी होऊन गेल्यावर? काही करायचं नाही. पानं तपकिरी होऊन गळाली तर बहुधा फांदी जिवंत आहे, कारण पान सोडून द्यायलाही फांदीत जीव लागतो. वाळून फांदीलाच चिकटून राहिली तर ती फांदी गेली. पण कात्री तेव्हाही हातात घेऊ नये. एप्रिल-मेपर्यंत थांबावं, नवी फूट कुठवर येते ते पाहावं, मग मेलेलं कापावं. घाईनं कापलेलं झाड फेब्रुवारीतच कोवळं फुटतं, आणि १८९५ मध्ये त्याचं काय झालं ते वर आलंच आहे. उघड्या पडलेल्या बुंध्याला पातळ पांढरा रंग द्यावा, नाहीतर टेक्ससचं ऊन साल भाजतं.

कढीपत्त्याचं प्रकरण पुस्तिकेत शेवटी आहे, पण ते आधी वाचा असं मी सुचवेन. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. लिंबूवर्गाला ग्रासणाऱ्या ग्रीनिंग रोगाचे जीवाणू सिला नावाची इवलीशी कीड पसरवते, आणि कढीपत्त्याची कोवळी पालवी हे तिचं आवडतं घर. हा रोग २००५ मध्ये फ्लोरिडात आणि २०१२ मध्ये टेक्ससमध्ये आढळला. तो पूर्ण बरा करणारा उपचार नाही. झाड हळूहळू पिवळं पडतं, फळं वाकडी आणि कडू होतात. ह्यूस्टन परिसरातून लिंबूवर्गाची आणि कढीपत्त्याची रोपं बाहेर नेण्यावर त्यामुळेच सरकारी निर्बंध आहेत, आणि भारतातून येताना सामानात ताजी डहाळी किंवा रोप आणता येत नाही. आपल्याकडे मात्र कढीपत्त्याचं रोप म्हणजे वानवळा. डॅलसच्या मावशींना, ऑस्टिनच्या भाचीला, गाडीच्या मागच्या सीटवर एकेक कुंडी. भावना चांगली आहे, पण त्या कुंडीतून काय जातं हे डोळ्यांना दिसत नाही. मावशींनी आपल्या गावच्या रोपवाटिकेतून, तपासणीचं लेबल असलेलं रोप घ्यावं. भाचीला पानं द्यायचीच असली तर पोडी करून द्या.

सत्सुमाची कलमंही लेबल पाहूनच घ्यावीत. रोपवाटिकांत ती फेब्रुवारीअखेर येऊ लागतात आणि चांगल्या खुंटावरची आधी संपतात. तोवर अंगणातली दक्षिणेची, उन्हाची, उत्तरेचा वारा अडलेली जागा हेरून ठेवा, गादीसाठी माती मागवा, आणि कढीपत्त्याचं वाचून झालं की पहिलं प्रकरण उघडा. त्यात खुंटांचं कोष्टक आहे.